घरचं पब्लिक गार का पडतं? पहाटेची एनबीए बघून ओळखायची रीत, आणि मग आपल्या मैदानावर काय करायचं ते

गेल्या वर्षी आमच्या वाडीच्या कबड्डी स्पर्धेत फायनलला आमचाच संघ होता. मैदान आमचं, लायटी आमच्या, जेवणाची पंगत आमची, आणि पब्लिक असं बसलेलं की जणू कोणाच्या बाराव्याला आलंय. आमचा रेडर दोघांना मारून मध्यरेषेवर हात टेकवून आला तरी टाळ्या किती, तर मोजून दहा-बारा, आणि त्यातल्या चार त्याच्या घरच्यांच्या. समोरच्या गावची वीसेक पोरं टेम्पोतून आलेली, त्यांनी एवढा गोंधळ घातला की बाहेरून येणाऱ्याला वाटलं असतं मैदान त्यांचंच आहे. मॅच आम्ही ३ पॉइंटने हरलो ते सोडा. मला राग आला तो पब्लिकचा, आणि नंतर कळलं की राग चुकीच्या माणसांवर काढत होतो.

मला सवय आहे पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघायची. तिकडे हा रोग जुना आहे. करोडो डॉलरचे खेळाडू, १८ हजारांचं स्टेडियम, आणि घरचं पब्लिक पॉपकॉर्न खात बसलेलं. टीव्हीवर हे सगळं स्वच्छ दिसतं, फक्त बॉल सोडून दुसरीकडे बघायची सवय लावायला लागते. ती कशी लावायची ते सांगतो, आणि शेवटी आमच्या मैदानावर आम्ही काय केलं तेही सांगतो, कोणत्याही स्पर्धेच्या कमिटीवर असाल तर उपयोगी पडेल.

आधी वेळेचं गणित. न्यूयॉर्क, बोस्टन, मायामी ह्या बाजूची रात्री साडेसातची मॅच थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सकाळी ६ ला लागते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, मग तीच मॅच आपल्याकडे ५ ला, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. लॉस एंजेलिसची साडेसातची मॅच थंडीत आपल्या सकाळी ९ ला, म्हणजे ती कामावर असताना चोरून बघायची. रेंज आमच्याकडे पडवीच्या उत्तरेच्या खांबालाच येते, तिथे घोंगडी घेऊन बसतो. आजीचा रोजचा प्रश्न ठरलेला, "रे मेल्या, पाटेचो उठान काय बघतंस? त्यापरास देवाक दोन फुला तरी घाल."

मॅच कुठली निवडायची हे महत्त्वाचं. प्लेऑफची, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांची, मॅच बघून पब्लिकची परीक्षा करू नका, तिथे सगळेच ओरडतात. जानेवारीतली मंगळवारची मॅच घ्या, म्हणजे आपला बुधवार सकाळ, दोन मधल्या फळीतले संघ, बाहेर बर्फ, उद्या ऑफिस. तिथे जो आवाज येईल तो त्या शहराचा खरा आवाज. आणि इथेच पहिलं कारण हाताला लागतं. रेग्युलर सीझनला प्रत्येक संघाच्या ८२ मॅच, त्यातल्या ४१ घरच्या. अमेरिकन फुटबॉलवाल्यांच्या घरच्या मॅच आठ नाहीतर नऊ. आपल्याकडे वर्षातून एकदा शिमगा येतो म्हणून पालखी नाचवताना खांदे सोलवटले तरी कोणाला काही वाटत नाही. तोच शिमगा वर्षात ४१ वेळा आला तर पालखीला खांदा द्यायला माणसं शोधत फिरायला लागेल. त्यामुळे एखाद्या मंगळवारी पब्लिक गार असलं तर लगेच त्या शहराला नावं ठेवू नका, तेवढी सूट द्या.

आता मॅच सुरू झाली की पहिली पाच मिनिटं बॉल बघूच नका. खेळाडूंच्या बाकड्यांच्या मागच्या, अगदी खालच्या दहा-बारा रांगा बघा. रिकाम्या आहेत? मग दुसरा क्वार्टर अर्धा झाला की परत बघा, भरल्या असतील. मग हाफटाइमनंतर तिसरा क्वार्टर सुरू होताना बघा, परत रिकाम्या, कारण ती मंडळी आतल्या क्लबमध्ये जेवतायत. ह्या सगळ्यात महागड्या जागा, बऱ्याचशा कंपन्यांनी सीझनभरासाठी घेतलेल्या, आणि येणारा माणूस कंपनीच्या क्लायंटला घेऊन आलेला असतो. त्याला हरणं-जिंकणं सारखंच. आणि कॅमेऱ्याचं तोंड नेमकं त्याच बाजूला असतं, म्हणून टीव्हीवर स्टेडियम मेल्यासारखं दिसतं आणि वरच्या मजल्यावर जी पोरं घसा फोडतायत ती दिसतच नाहीत.

आपल्याकडे हे कुठे बघितलंय ते आठवा. कबड्डीच्या मैदानाच्या अगदी कडेला सोफा. त्यावर पांढरी चादर, समोर टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि एक फुलदाणी, आणि मानकरी, देणगीदार, माजी अमुक आणि भावी तमुक. त्यांच्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या. आणि त्याच्याही मागे चिऱ्यांच्या गडग्यावर आणि आंब्याच्या खालच्या फांदीवर पोरं. आवाज कुठून येतो? गडग्यावरून. सोफ्यावरचा माणूस ओरडला तर शोभत नाही, त्याला पुढच्या वर्षी निवडणूक लढवायची असते. एनबीएमध्ये सोफा चारी बाजूंनी लावलाय आणि गडगा नेऊन ठेवलाय तिसऱ्या मजल्यावर, एवढाच फरक.

ह्याचं नमुनेदार उदाहरण गोल्डन स्टेट वॉरियर्स. ओकलंडला असताना त्यांच्या ओरॅकल अरीनाला लोक गंमतीत 'रोरॅकल' म्हणायचे, एवढी डरकाळी. २००७ ला आठव्या नंबरच्या ह्या संघाने ६७ मॅच जिंकून आलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, तेव्हाचं पब्लिक जुन्या क्लिपमध्ये बघा, अंगावर काटा येतो. मग संघ मोठा झाला, चॅम्पियन झाला, आणि २०१९ ला खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोत नव्या चकाचक चेस सेंटरमध्ये गेला. संघ तोच, स्टार कर्री तोच, जागा दीडेक हजाराने कमी आणि तिकीट कुठच्या कुठे. आवाज तिथे गेला नाही. आवाज करणारे ओकलंडलाच राहिले. कोणी म्हणतं पब्लिक बदललं, माझं म्हणणं पब्लिक बदललं नाही, बदलून घेतलं.

एक सूचना. लॉस एंजेलिसच्या लेकर्स आणि न्यूयॉर्कच्या निक्सच्या घरच्या मॅचला हा डोळ्यांचा उपाय चालत नाही, कारण ते फक्त कोर्टावर उजेड ठेवतात आणि बसायच्या जागा अंधारात, दशावतारात रंगमंचावर ट्यूबलाइट आणि प्रेक्षक काळोखात असतात तसं. तिथे कान वापरायचे.

कानाचं काम तसंही सगळ्यात मजेचं आहे. हेडफोन लावा. संघ डिफेन्सला आला की "डी-फेन्स, डी-फेन्स" सुरू होईल. आधी काय ऐकू येतं, स्पीकरवरची धून की माणसं? स्पीकर बंद झाल्यावर माणसं चालू राहतात की तीही तिथेच गप्प? गप्प होत असतील तर समजायचं की हे पब्लिक ओरडत नाहीये, याला ओरडवलं जातंय. मोठ्या पडद्यावर 'आवाज करा' आलं की करायचा, गेलं की परत मोबाईल. निक्सने ५ मार्च २०१७ ला वॉरियर्सच्या मॅचला एक प्रयोग केला, पहिला हाफ अख्खा बिनसंगीताचा, ना गाणी, ना व्हिडिओ, ना काही, नुसता बुटांचा चरचराट आणि बॉल. मला तर ते ऐकून बरं वाटलं, पण वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन भयंकर वैतागला, म्हणाला हे काय चाललंय. म्हणजे खेळाडूंनाही त्या डीजेची सवय झालेली. त्याच्याही पुढची पायरी अटलांटाच्या फुटबॉल संघाने गाठली, फाल्कन्सने, स्टेडियममध्ये चक्क रेकॉर्ड केलेला गर्दीचा आवाज सोडला, पकडले गेले आणि २०१५ ला साडेतीन लाख डॉलर दंड झाला, शिवाय ड्राफ्टमधला एक पिक, म्हणजे नवीन खेळाडू निवडायची एक पाळी, तीही गेली. भाड्याने रडायला माणसं आणतात असं ऐकलं होतं, ओरडायला रेकॉर्डिंग हे नवीन.

कानाची दुसरी परीक्षा अशी, की पब्लिक ओरडतं कशावर ते बघा. डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबण्यावर, कोणीही ओरडतो. पण शॉट मारायला मिळतात ते २४ सेकंद घरच्या संघाने दाबून धरलं, समोरच्याला शॉटच मारू दिला नाही आणि भोंगा वाजला, त्यावर स्टेडियम उठलं तर ती माणसं खेळ जाणणारी. कबड्डीत बघा, जाणता माणूस रेडर बाद होण्यावर नाही, डाव्या कोपऱ्यातल्याने घोटा धरला त्या क्षणालाच "धरला!" म्हणून उठतो. आणि पाहुण्या संघाच्या स्टारच्या डंकवर घरचंच पब्लिक जास्त ओरडत असेल तर ते संघ बघायला आलेलेच नाहीत, ते माणूस बघायला आलेत. त्यात तो स्टार त्या दिवशी 'विश्रांती'वर असला की झालं कल्याण. महिनाभर आधी तिकीट काढलेला बाप पोराला काय सांगणार? लीगलाच शेवटी २०२३ पासून नियम करावा लागला, की मोठ्या वैयक्तिक बक्षिसांसाठी बहुतेक ६५ मॅच तरी खेळलेला पाहिजे.

आता सगळ्यात मोठं कारण, आणि हे आपल्याला कोकणातल्या माणसाला समजावून सांगायचीच गरज नाही. जर्सी मोजा. पडद्यावर पब्लिक दिसलं की घरच्या जर्सी किती, पाहुण्यांच्या किती. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिनमध्ये निक्स आले की अर्धं स्टेडियम निळं-नारिंगी. अटलांटात लेकर्स आले की पिवळं. तिथले जाणकार सांगतात की ही शहरं बाहेरून आलेल्यांची, नोकरीसाठी आलेले, संघ मात्र आपल्या आपल्या गावचा धरून बसलेले.

अरे, म्हणजे चाकरमानी!

आमच्या वाडीतली निम्मी घरं नालासोपारा-विरारला. त्यातला एक माझा चुलतभाऊ, मी त्याच्या सोसायटीच्या गणपतीत गेलोय, हा माणूस मागच्या खुर्चीवर बसून मोबाईलवर ट्रेनचं तिकीट बघत होता, आरती चालू असताना. तोच माणूस शिमग्याला गावी आला की पालखीखालून निघत नाही, पायात चप्पल नाही, घसा बसलेला, बायको म्हणते जेवून घ्या तर ऐकायला येत नाही. त्याला सोसायटीवाले गार म्हणत असतील. तो गार नाहीये, त्याचं गाव तिथे नाहीये. अटलांटाच्या स्टेडियममध्ये बसलेला निम्मा माणूस असाच समजा. आणि तरी तिथेही पेटतं, २०१४-१५ ला तिथल्याच हॉक्स संघाने सलग १९ जिंकल्या, सीझनला ६०, तेव्हा तेच स्टेडियम दणाणत होतं. चाकरमानी पण नव्या सोसायटीत रमतो, वेळ लागतो आणि काहीतरी कारण लागतं.

ब्रुकलिनची गोष्ट त्याहून अवघड, कारण तिथे संघच चाकरमानी आहे. नेट्स २०१२ ला न्यू जर्सीतून उठून आले, जुने लोक मागे राहिले आणि नवीन गावात आजोबांच्या काळापासून निक्स. लॉस एंजेलिसचे क्लिपर्स तर २५ वर्षं, १९९९ ते २०२४, लेकर्सच्याच स्टेडियममध्ये भाडेकरूसारखे. वर छताला लेकर्सच्या चॅम्पियनशिपचे झेंडे. क्लिपर्सची मॅच असली की त्यावर आपल्या खेळाडूंचे मोठे फोटो लावून ते झाकायचे. बिऱ्हाडकरूने दिवाळीत मालकाच्या पूर्वजांच्या तसबिरीवर चादर टाकावी तसं ते दिसायचं, आणि मला खरंच त्यांची कीव यायची.

पण क्लिपर्सचा मालक, स्टीव्ह बॉल्मर, त्याने हा रोग नीट ओळखला असं माझं मत. स्वतःचं घर बांधलं, इंट्युइट डोम, २०२४ च्या ऑगस्टला सुरू झालं, आणि एका बास्केटच्या मागे सलग ५१ रांगांची उभी भिंत केली, मध्ये एकही काचेची खोली नाही, मानकऱ्यांना मज्जाव. नावच 'द वॉल'. तिथे फक्त क्लिपर्सवाले, पाहुण्यांची जर्सी घालून बसता येत नाही. म्हणजे गडगा परत मैदानाला आणून लावला. शिवाय हा माणूस संडासांच्या मागे लागला, हजाराच्या वर भांडी बसवली, कारण काय तर रांगेत उभा असलेला माणूस ओरडू शकत नाही. हसू नका, ह्या मुद्द्यावर मी पुढे परत येणार आहे.

ही कल्पना त्याची नवीन नाही. अमेरिकेतल्याच कॉलेजात विद्यार्थी कोर्टाला खेटून असतात. ड्यूकचं कॅमेरून इनडोअर बघा, जेमतेम ९,३१४ माणसांचं, पण पोरं कोर्टाच्या रेषेला चिकटून आणि उभी, म्हणून १८ हजारांच्या स्टेडियमपेक्षा तिथे पाहुण्यांची जास्त फाटते. आणि युरोपात जा, बेलग्रेडला २००९ ला पार्टिझान आणि पानाथिनाइकोसच्या मॅचला २२,५६७ माणसं होती. तिथे स्पीकरची गरजच नाही, ठरलेली गाणी, ठरलेला म्होरक्या, मॅच संपेपर्यंत उभे. आपल्या जाखडीत कसं, बुवा एक ओळ टाकतो आणि बाकीचे झेलतात, बुवा नसेल तर पन्नास माणसं नुसती एकमेकांकडे बघत राहतील. एकट्या माणसाला ओरडायची लाज वाटते, हा सगळ्या जगातला नियम दिसतो. तेव्हा टीव्हीवर बघताना हेही शोधा की ओळखीपाळखीची वीस-तीस माणसं एकत्र बसलेली कुठे दिसतायत का. नसतील तर अठरा हजार असून उपयोग नाही.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात म्हणून सावध करतो.

एक, रागावलेल्या पब्लिकला गार समजू नका. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३-२४ ला सलग २८ मॅच हरले, तरी लोक येत होते आणि संघ विका, संघ विका म्हणून मालकाच्या नावाने ओरडत होते. हा गारठा नव्हे, हा जाळ आहे. खरा गारठा वेगळा, आणि तो कधी कधी संघ स्वतःच आणतो. लीगमध्ये खालच्या संघांना नवीन पोरं निवडायच्या लॉटरीत जास्त संधी, शेवटच्या तिघांना २०१९ पासून प्रत्येकी १४ टक्के. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चला काही संघ हरण्यासाठीच खेळतायत की काय असं वाटायला लागतं. आता त्या संघाच्या घरच्या माणसाने जिंकलो तर नाचायचं की हरलो तर? तो बिचारा गप्पच बसणार.

दुसरं, हरणारा संघ म्हणून पब्लिक गार, हे सरसकट खोटं. सॅक्रामेंटो किंग्स बघा. हा संघ २०१३ ला सिएटलला जवळजवळ गेलाच होता, गावाने तो धरून ठेवला, आणि आपल्या मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेने तो घेतला. त्याच नोव्हेंबरला त्या पब्लिकने १२६ डेसिबल आवाजाचा गिनीज रेकॉर्ड केला, आणि संघ तेव्हा कसा होता? रद्दी. २००६ नंतर प्लेऑफ नाही ते पुढे २०२३ लाच दिसलं. पण संघ हातचा जाता जाता राहिला होता ना, मग माणूस ओरडतोच. त्याच्या आधी लेकर्सचा कोच फिल जॅक्सनने सॅक्रामेंटोला गावंढळ ठरवलं तर लोक गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले आणि त्याच्या कानामागे वाजवत बसले. हे तर अगदी मालवणी डोकं. आणि ओक्लाहोमा सिटीला बघा, संघ २००८ ला सिएटलहून आलेला, म्हणजे उपराच, पण गावात दुसरा मोठा संघच नाही, त्यामुळे सगळं गाव ह्याच्यामागे, आपला पहिला बास्केट पडेपर्यंत कोणी खाली बसत नाही. एक गाव एक गणपती असला की वर्गणीला भांडण नसतं.

मायामीला सगळे हसतात, २०१३ च्या फायनलच्या सहाव्या मॅचवरून. २८ सेकंद राहिले, ५ पॉइंटने मागे, समोरच्यांना ट्रॉफी द्यायला कोर्टाभोवती धरायची पिवळी दोरी बाहेर काढलेली आणि घरचं पब्लिक गाडीकडे निघालेलं. मग ५.२ सेकंद राहिले असताना रे ॲलनने कोपऱ्यातून तीनचा टाकला, मॅच ओव्हरटाइमला गेली, १०३-१०० ने जिंकले, आणि बाहेर गेलेले लोक दरवाजे ठोकतायत, आत घेत नाहीत. हसा, पण मी त्यांना पूर्ण दोष देत नाही, कारण आमच्या फायनलच्या रात्री शेजारच्या गावचे लोक मॅच सुरू व्हायच्या आधीच, साडेनऊला उठून गेले ते आमच्यावर रुसून नव्हे, शेवटची एसटी होती. पब्लिक लवकर गेलं की आधी रस्ता आणि गाडी बघायची, मग त्यांचं मन.

अजून एक गोष्ट आपल्या जवळची. वरळीचा एनएससीआय डोम. एनबीएच्या भारतातल्या पहिल्या दोन मॅच तिथेच झाल्या, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९, रणदिवेंचे किंग्स विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्या मॅचला जवळजवळ सगळं पब्लिक शाळेची पोरं, तीनेक हजार, आणि ती पोरं दोन्ही संघांच्या प्रत्येक बास्केटला सारखीच किंचाळत होती. मजा होती, पण ते घरचं पब्लिक नव्हे, कारण घरच कोणाचं नव्हतं. त्याच डोममध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाची मॅच असायची तेव्हाचा आवाज आठवा. आणि मग २०२४ चा सीझन घ्या, हैदराबाद, नोएडा, पुणे, तीनच ठिकाणी सगळ्या मॅच, यू मुंबाला मुंबईत एकही नाही. संघाचं घर काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं फॅन कुठे गेले.

आता आमच्या मैदानावर काय केलं. गेल्या वर्षीच्या फायनलचं शूटिंग एका पोराच्या मोबाईलवर होतं, ते मी वर सांगितल्याप्रमाणे बॉल सोडून, म्हणजे रेडर सोडून, बघितलं. तीन वेळा. आणि प्रत्येक चूक आमच्या कमिटीचीच निघाली. सोफे दोन्ही लांब बाजूंना. गडग्यासमोर आम्ही बॅनर लावलेला, देणगीदारांच्या फोटोंचा, त्यामुळे पोरं मागे कुठेतरी पांगलेली. दर चढाईनंतर डीजे गाणं सोडत होता, माणसाने आवाज काढायला तोंड उघडलं की त्यात ढणढण. फायनल सुरू झाली रात्री पाऊण वाजता, कारण त्याआधी १७ जणांचा सत्कार, शाल-श्रीफळ आणि प्रत्येकाची दोन शब्दांची परवानगी. आणि भजीचा स्टॉल मैदानापासून पार रस्त्याकडे, रांग एवढी की दुसऱ्या हाफला शंभरेक माणसं तिकडेच. बॉल्मरचा संडास आणि आमची भजी, मुद्दा एकच.

ह्या वर्षी मीटिंगला मी विषय काढला तर सोफ्यावरून रण पेटलं. एका काकांनी मिटवलं, ते स्वतः सोफ्यावर बसणाऱ्यांतले. म्हणाले, "सोफ्यार बसान कोण बोंब मारता रे? झिलग्यांक फुडे घेवा." तेवढ्यावर पास झालं. तर करायचं ते असं. सोफे सगळे एकाच आखूड बाजूला, स्टेजकडे. एक लांब बाजू पूर्ण पोरांना, खुर्ची नाही, उभे किंवा जमिनीवर ताडपत्री. त्यात मध्ये एक बुवा पाहिजे, आमच्याकडे जाखडीत ढोलकी वाजवणारा आहे त्यालाच उभा केला, आणि घोषणा दोनच ठरवल्या, जास्त केल्या तर कोणाला पाठ होत नाहीत. चाकरमान्यांच्या मंडळाला मुंबईला आधीच कळवून तारीख त्यांच्या सुट्टीला धरून ठेवली आणि त्यांना विखरून न बसवता एकत्र बसवलं. सत्कार सेमीफायनलच्या आधी उरकायचे, तेही नाव, शाल, टाळ्या, खाली. फायनल साडेआठला, म्हणजे एसटीवाल्यांनाही बघता येते. भजीवाला मैदानाला लागून, तोंड मैदानाकडे, त्याला भजी तळताना स्कोअर दिसला पाहिजे.

बॅनर मात्र काढता आला नाही, तो अजून गडग्यासमोरच आहे, फक्त दोन फूट खाली उतरवलाय, त्यामुळे पोरांचे पाय देणगीदारांच्या डोक्यावर लोंबकळतात. त्यावर पुढच्या मीटिंगला ऐकून घ्यावं लागणार आहे.

आणि डीजे. त्याला काढता येत नव्हता, कारण पैसे दिलेले आणि पोरगा वाडीतलाच. मग ठरलं की मध्यंतरात काय वाजवायचं ते वाजव, चढाई सुरू असताना आणि दुसऱ्या हाफची शेवटची पाच मिनिटं बंद. फायनलला पाच मिनिटं राहिली, आम्ही २ पॉइंटने मागे, तेव्हा ह्याचा हात परत बटणाकडे गेला, तर मी जाऊन मिक्सरची पिन काढून खिशात टाकली. तो मागे लागला, "दादा, पिन दी मरे." ताडपत्रीवरून ढोलकी सुरू झालेली, तिच्यापुढे मला तो काय म्हणतोय ते नीट ऐकूही येत नव्हतं.